बुळकांडी ते लम्पी : जनावरांच्या आजारांचा नकाशा

"डॉक्टर, गावात लम्पी आलाय, दूध प्यावं का?" 2022 च्या साथीत हा प्रश्न महाराष्ट्रात घरोघरी होता. लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून प्यावं. पण बर्ड फ्लू, ब्रुसेलोसिस, रेबीज हे आजार जनावरांकडून किंवा पक्ष्यांकडून माणसात येतात. म्हणून गोठ्यातला आजार नेमका कुठे आहे, हे डॉक्टरलाही कळायला हवं.

याला जुना इतिहास आहे. बुळकांडीनं एकेकाळी गोठेच्या गोठे रिकामे केले. जनावरांच्या रोगांवर संशोधनासाठी 1889 साली पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली. पुढे ती मुक्तेश्वरला गेली. बुळकांडी जगातून संपल्याचं 2011 साली जाहीर झालं. त्यासाठी लस तर लागलीच, पण शेवटी गावोगावी फिरून उरलेला रोग शोधावा लागला.

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. बाधित ठिकाणाभोवती 3 किलोमीटरचं वर्तुळ आखून कोंबड्या नष्ट केल्या, 10 किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली. जानेवारी 2021 मध्ये परभणीतल्या मुरुंब्यात आणि आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या केंद्रेवाडीत पुन्हा वर्तुळं आखावी लागली. लम्पीच्या वेळी बाधित गावाभोवती 5 किलोमीटरपर्यंत लसीकरण झालं.

वर्तुळाचा मध्य चुकला तर काय होतं? आपल्या भागात हा प्रश्न खरा आहे. 1993 च्या भूकंपानंतर सास्तूर परिसरातली अनेक गावं नव्या जागी वसली. नाव तेच, जागा दुसरी. शिवाय जनावरं बहुधा शेतातल्या आखाड्यावर बांधलेली. समजा, आजारी बैलाचा गोठा गावठाणापासून 2 किलोमीटरवर आहे. गावठाणापासून साडेसहा किलोमीटरवरचं शेजारचं गाव त्या गोठ्यापासून साडेचारच किलोमीटरवर असू शकतं. कागदावर नुसतं गावाचं नाव लिहिलं, तर त्या गावाला लस मिळणार नाही.

म्हणूनच पशुवैद्यकीय डॉक्टर आणि पशुधन पर्यवेक्षकांना नकाशाचं प्रशिक्षण हवं. गोठ्याजवळ उभं राहून मोबाइलवर अक्षांश-रेखांश घेणं, तारीख आणि कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक नोंदवणं, वर्तुळात येणारी गावं, पाणवठे आणि बाजार ओळखणं, हे शिकवलं तर जमतं. ताप का हटत नाही, असा रुग्ण आमच्याकडे आला की तीच नोंद आम्हालाही उपयोगी पडते.

पण नकाशावरचा पहिला ठिपका पशुपालकाच्या खबरीतून पडतो. अंगावर गाठी, अचानक गर्भपात, एकाएकी मेलेल्या कोंबड्या असं काही दिसलं तर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 वर फोन करा. आजारी जनावर बाजारात विकू नका. मेलेल्या जनावराला उघड्या हातानं शिवू नका आणि ओढ्यात टाकू नका. आणि तुम्हाला स्वतःला ताप आला, तर गोठ्यात काय झालं होतं तेही डॉक्टरांना सांगा.