आनापान (शालेय)

श्वासाच्या नैसर्गिक येण्या-जाण्यावर लक्ष ठेवण्याची बौद्ध ध्यानपद्धती. विपश्यनेची पहिली पायरी. मूल डोळे मिटून, पाठ ताठ ठेवून बसते आणि नाकपुड्यांपाशी, वरच्या ओठाच्या वर, श्वासाचा स्पर्श कुठे होतो ते पाहते. श्वास मोजायचा नाही, रोखायचा नाही, त्याला नामजप जोडायचा नाही. तरीही प्राणायामाशी तिची गल्लत सर्रास होते. सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांनी १९६९ मध्ये म्यानमारहून येऊन भारतात विपश्यना शिबिरे सुरू केली. इगतपुरीचे धम्मगिरी हे त्यांचे प्रमुख केंद्र. महाराष्ट्र राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ‘मित्र उपक्रमा’द्वारे आनापान शाळांत नेले. वर्गात रोजची दहाएक मिनिटे पुरतात. मात्र शिक्षक स्वतः ध्यानाला बसत नसतील, तर ही साधना नुसती गप्प बसण्याची शिस्त ठरते.

छत्रपती संभाजीनगर परिसराला ही साधना परकी नाही. अजिंठ्याच्या विहारांत मंडपाभोवती भिक्षूंच्या लहान, अंधाऱ्या खोल्या असून काहींत दगडी ओटेही कोरलेले आहेत. शहरालगतची औरंगाबाद लेणीही बौद्धच. आज शहरात ‘धम्म अजंता’ हे विपश्यना केंद्र आहे. या परंपरेतील शिबिरांना शुल्क नसते. खर्च जुन्या साधकांच्या दानातून भागतो.