समांतर संगणन: कॅमेऱ्यातील चित्र संगणक वेळेत कसे समजून घेतो?

ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर अचानक माणूस आला, तर कॅमेऱ्यातील चित्र ओळखून ब्रेक लावण्याचा निर्णय त्याहून कितीतरी आधी व्हावा लागतो. बरोबर उत्तर उशिरा आले, तर ते निरुपयोगीच. ठरलेल्या मुदतीत चालणाऱ्या अशा कामाला ‘रिअल टाइम’ प्रतिमाप्रक्रिया म्हणतात.

काम किती मोठे?

१९२० × १०८० आकाराच्या एका चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला ३० चित्रे आली, तर पिक्सेलची संख्या ६.२ कोटी होते आणि प्रत्येक चित्राच्या वाट्याला जेमतेम ३३ मिलिसेकंद येतात. चित्रातील ठिपकेदार खरखर कमी करण्यासाठी प्रत्येक पिक्सेलची आठ शेजाऱ्यांसह सरासरी काढायची, तर सेकंदाला ५६ कोटी मूल्ये हाताळावी लागतात. ही तर फक्त पहिली पायरी.

काम कसे वाटतात?

सरासरीचा नियम सर्व पिक्सेलना सारखाच असतो. त्यामुळे अनेक लहान प्रोसेसर एकच आज्ञा वेगवेगळ्या पिक्सेलवर एकाच वेळी चालवू शकतात. मायकेल फ्लिन यांनी १९६६ मध्ये केलेल्या वर्गीकरणात ही रचना ‘सिम्ड’ नावाने ओळखली जाते. उपग्रहांच्या चित्रांसाठी नासाने १९८३ मध्ये घेतलेल्या ‘मॅसिव्हली पॅरलल प्रोसेसर’मध्ये १२८ × १२८ असे १६,३८४ प्रोसेसर होते. आजचा जीपीयू याच कल्पनेवर चालतो.

दुसरी रीत ‘पाइपलाइन’ची. कारखान्यात एकामागून एक टप्प्यांवर वस्तू तयार होते, तसेच हे काम चालते. एफपीजीए चिपवर चित्राच्या काही ओळी येताच पहिला टप्पा सुरू होतो. पूर्ण चित्राची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे विलंब घटतो.

मर्यादा कोणत्या?

जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवले, की कामाचा न वाटता येणारा भाग वेगाला मर्यादा घालतो. तो १० टक्के असेल, तर कितीही प्रोसेसर लावले तरी वेग दहापटीपुढे जात नाही. शिवाय मेमरीतून माहिती आणण्या-नेण्यातही वेळ जातो.

पिक्सेलचे काम सहज वाटता येते; ‘ब्रेक लावायचा का?’ हा निर्णय मात्र आधीच्या टप्प्यांच्या निष्कर्षांसाठी थांबतो. म्हणून अशा यंत्रणेत जीपीयू किंवा खास चिपच्या जोडीला साधा प्रोसेसरही लागतो. तिची कसोटी सरासरी वेगावर नव्हे, तर प्रत्येक वेळी मुदत पाळण्यावर ठरते.