आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य

आतड्याचा काही भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया अनेक कारणांनी करावी लागते. कर्करोग, आतड्याला पडलेला पीळ, क्षयरोगामुळे अरुंद झालेला मार्ग, विषमज्वरात पडलेले छिद्र, क्रोन्स आजार ही त्यांपैकी काही कारणे होत. कारण वेगळे असले, तरी शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आणि नातेवाईक यांच्यापुढे उभे राहणारे प्रश्न बहुतांशी सारखेच असतात.

पोट उघडून आतड्यांना हात लागला, की त्यांची लाटेसारखी हालचाल काही काळ थंडावते. लहान आतडे साधारणपणे चोवीस तासांच्या आत पुन्हा कामाला लागते. जठराला एक ते दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे सर्वांत शेवटी, दोन ते तीन दिवसांनी पूर्ववत होते. म्हणूनच शस्त्रक्रिया विभागातील डॉक्टर दररोज सकाळी ‘वायू सरला का?’ असे विचारतात. रुग्णाला संकोच वाटला, तरी त्या वेळी तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो.

पूर्वी वायू सरेपर्यंत रुग्णाला पाण्याचा घोटही दिला जात नसे. डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात या प्रथेला आव्हान दिले. शक्य तेवढा लहान छेद, अफूजन्य वेदनाशामकांचा कमी वापर, लवकर दिलेले अन्न आणि लवकर सुरू केलेले चालणे यांमुळे रुग्ण अधिक वेगाने सावरतो, हे त्यांनी दाखवून दिले. आता अनेक रुग्णालयांत दुसऱ्या दिवशीच रुग्णाला खाटेवरून उठवून चालवले जाते. ‘एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर पडून राहू द्या’ हा घरच्यांचा आग्रह मायेपोटी असतो, परंतु तो हिताचा नसतो. पडून राहिल्याने फुप्फुसांत कफ साठतो आणि पायांच्या नीलांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

आतड्याची दोन टोके जिथे जोडलेली असतात, तो सांधा हा पहिल्या आठवड्यातील खरा चिंतेचा विषय असतो. सांधा गळू लागल्यास त्याची लक्षणे बहुधा पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास दिसतात. काही वेळा तोवर रुग्ण घरीही आलेला असतो. ताप, नाडी जलद होणे, पोट फुगणे, वाढत जाणारी वेदना, उलट्या यांपैकी काहीही आढळल्यास पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

घरी परतल्यावर पहिले काही आठवडे आहार मऊ आणि कमी चोथ्याचा असावा. भाताची पेज, मऊ मुगाची खिचडी, ताक, अंडे, शिजवून कुस्करलेला दुधी हे पदार्थ बहुतेकांना सोसतात. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खाणे सोयीचे पडते. कच्च्या कोशिंबिरी, मोडाच्या उसळी, मक्याचे दाणे आणि सुके खोबरे यांना घाई करू नये. जड वजन उचलणे सहा ते आठ आठवडे टाळावे, कारण शिवलेल्या जागी हर्निया होऊ शकतो. भरलेली पाण्याची कळशी हेही जड वजनच होय.

गुदाशयाचा भाग काढलेल्या रुग्णांची अडचण निराळी असते. मल साठवण्याची जागाच लहान झाल्याने दिवसातून अनेक वेळा शौचास जावे लागते आणि आवेग रोखता येत नाही. हा त्रास कमी होण्यास वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि औषधे यांचा उपयोग होतो. मात्र रुग्णाने संकोच सोडून ही तक्रार सांगितली, तरच उपचार सुरू होतात.

काही रुग्णांच्या पोटावर मलविसर्जनासाठी छिद्र करावे लागते. त्याला स्टोमा म्हणतात. तो लालसर आणि ओलसर असतो व त्याला स्पर्शाची संवेदना नसते. पुसताना किंचित रक्त आले, तर घाबरण्याचे कारण नाही. तो काळसर पडला, तर मात्र तातडीने डॉक्टरांना दाखवावे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत स्टोमाचा आकार आक्रसतो. त्यामुळे पिशवीच्या चकतीचे छिद्र वेळोवेळी मापून कापावे लागते, अन्यथा भोवतीची त्वचा सोलवटते. चिकटणारी पिशवी १९५४ मध्ये एलिझ सोरेन्सन या डॅनिश परिचारिकेने आपल्या बहिणीसाठी सुचवली. त्यापूर्वी रुग्णांना कापडी पट्टे आणि डब्यांसारख्या साधनांवर भागवावे लागे.

लहान आतड्याचा स्टोमा असलेल्यांनी पाण्याविषयी विशेष दक्ष राहावे. मोठे आतडे दररोज सुमारे एक ते दीड लिटर पाणी शोषते. तो टप्पाच येथे वगळला जातो. पिशवीतील स्राव दिवसाला दीड लिटरच्या वर गेला, लघवी कमी झाली किंवा पायांत गोळे येऊ लागले, तर केवळ साधे पाणी पीत राहिल्याने क्षार भरून निघत नाहीत. जलसंजीवनी घ्यावी आणि वैद्यकीय सल्ला मिळवावा. उत्तर भारतातील किंवा विदर्भातील उन्हाळ्यात ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. निर्जळी उपवास आणि रोजे यांबाबत आधी डॉक्टरांना विचारणे इष्ट.

पिशवीसह स्नान करता येते, पोहता येते, रेल्वेचा लांबचा प्रवासही करता येतो. सोबत पिशव्यांचा जादा संच ठेवावा. बैठे काम असणारे बहुधा एक ते दोन महिन्यांत कामावर परततात, अंगमेहनतीच्या कामाला अधिक काळ लागतो. वैवाहिक जीवनात बाधा येतेच असे नाही, तरी गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत तेथील मज्जातंतूंना इजा होऊ शकते. त्याविषयी पती-पत्नी दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोलणे योग्य.

तात्पुरता स्टोमा सर्वसाधारणपणे दोन ते तीन महिन्यांनी बंद करण्यात येतो; केमोथेरपी चालू असल्यास ही मुदत लांबते. लहान आतड्याचा शेवटचा बराचसा भाग काढलेल्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण होत नाही. त्याची इंजेक्शने त्यांना बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात.