किनारा कुणाचा? मॉरिशसच्या वाळूतला इतिहास

मागच्या महिन्यात एका माजी विद्यार्थ्याचा मेसेज आला. "सर, आम्ही दोघं मॉरिशसला जातोय. हॉटेल स्वस्तातलं, गावातलं घेतलंय. तिथले बीच मोठ्या हॉटेलवाल्यांचे असतात म्हणे. आम्हाला बसू देतील का? आणि जायचंच तर कोणत्या बीचवर जावं?"

मी भाषांचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. मॉरिशसला मी नकाशावर आणि पुस्तकांतच फिरलो आहे. पण या बेटाविषयी मला जुनं कुतूहल आहे, कारण आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या त्या देशात शाळेतली मुलं उर्दूही शिकतात आणि मराठीही. त्यामुळे पोराला चार बीचची नावं पाठवून मोकळा झालो नाही. त्याच्या मेसेजमधले तीन शब्द डोक्यात घोळत राहिले: "बसू देतील का?" मॉरिशसच्या किनाऱ्याचा दोनशे वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

आधी सरळ उत्तर देतो. हो, बसू देतील. भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं, त्या रेषेखालची वाळू मॉरिशसमध्ये कुणाच्याही खासगी मालकीची नाही. पंचतारांकित हॉटेलासमोरून तुम्ही पाण्याच्या कडेने चालत गेलात तर तुम्हाला हटकण्याचा हक्क कुणाला नाही. हॉटेलच्या खुर्च्या आणि छत्र्या त्यांच्या, वाळू मात्र सगळ्यांची. शिवाय सरकारने ठिकठिकाणी 'पब्लिक बीच' जाहीर केलेले आहेत. तशी पाटी दिसली की बिनधास्त आत जायचं. तिकीट नाही, विचारपूस नाही.

आता हा हक्क आला कुठून ते पाहू.

अठराव्या शतकात हे बेट फ्रेंचांकडे होतं आणि त्याचं नाव होतं 'इल द फ्रान्स'. हिंदी महासागरातून जाणाऱ्या इंग्रज जहाजांवर इथून हल्ले होत. इंग्रज कधी ना कधी चालून येणार हे उघड होतं. तोफा लावायला आणि फौज हलवायला किनारा मोकळा हवा, म्हणून किनाऱ्यालगत पन्नास पावलांची पट्टी राज्याच्या ताब्यात ठेवायची जुनी फ्रेंच पद्धत होती. या पट्टीला 'पा जेओमेत्रिक' म्हणतात. पन्नास पावलं म्हणजे ८१ मीटर २१ सेंटिमीटर. कॅप्टन-जनरल देकाँ याने १८०७ मध्ये हुकूम काढून ही पट्टी पक्की केली. ती विकता येणार नाही आणि वर्षानुवर्षं वापरली म्हणून कुणाच्या मालकीचीही होणार नाही, असं ठरलं.

गंमत बघा, ज्या कामासाठी ही पट्टी राखली, त्या कामी ती आलीच नाही. २९ नोव्हेंबर १८१० रोजी इंग्रज फौज उत्तर किनाऱ्यावर उतरली. तिकडचे प्रवाळाचे खडक ओलांडून एवढी मोठी फौज येऊ शकणार नाही, असा फ्रेंचांचा समज होता. त्या फौजेत हिंदुस्थानी शिपाईही होते. काही दिवसांत बेट पडलं. पण शरणागतीच्या अटींमध्ये रहिवाशांचे कायदे आणि रीतिरिवाज कायम ठेवायचं इंग्रजांनी मान्य केलं. राज्य बदललं, पण फ्रेंचांचा कायदा राहिला आणि त्याच्यासोबत ती ८१ मीटरची पट्टीही राहिली. १८९५ मध्ये इंग्रजांनी तिच्यासाठी स्वतंत्र कायदाच केला.

पण कागदावर जमीन राज्याची असणं वेगळं आणि माणसांना तिथे मोकळेपणाने जाता येणं वेगळं.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. तीनच महिन्यांनी, १ फेब्रुवारी १८३५ रोजी, बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना गुलामांच्या जागी करारबद्ध मजूर हवे होते. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून तिथे गेली. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबई बंदरातून गेलेले कमी, पण त्यात आपली कोकणातली माणसं होती. आज तिथे जे मराठी आडनावं सांगतात, ते त्यांचेच वंशज.

हे मजूर चहूबाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर राहत होते, पण समुद्राकाठी जाऊन निवांत बसणं त्यांच्या नशिबी नव्हतं. १८६७ च्या कायद्याने तर कहर केला. करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचा फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे. पासशिवाय आपल्या जिल्ह्याबाहेर सापडला की 'भटक्या' ठरवून अटक. चालणं हाच गुन्हा! अडॉल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका युरोपियन गृहस्थाने या अन्यायाविरुद्ध १८७१ मध्ये अर्ज तयार केला. नऊ हजारांहून अधिक मजुरांनी त्यावर सह्या, अंगठे दिले. त्यातून इंग्रज सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

हे मी मुद्दाम सांगतोय. रविवारी मॉरिशसच्या पब्लिक बीचवर गेलात तर सुरूच्या झाडांखाली चटया अंथरलेल्या दिसतील. आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खं खानदान, घरून आणलेली पातेली, कुठे ढोलक, कुठे सेगाची गाणी. यातले बहुतेक लोक त्या गुलामांचे आणि त्या पासवाल्या मजुरांचे पणतू-खापरपणतू आहेत. त्यांचं तिथे नुसतं पाय पसरून बसणं हीसुद्धा इतिहासातली एक कमाई आहे.

आता बीच निवडायचा कसा?

पहिली गोष्ट, पाण्याचा भरवसा. मॉरिशसभोवती प्रवाळाची जवळजवळ सलग भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात आणि आत शांत, उथळ पाणी राहतं. जिथे ही भिंत तुटलेली आहे तिथे समुद्र आपलं खरं रूप दाखवतो. दक्षिणेला सुयाकजवळचा 'ग्री-ग्री' हा असा किनारा. कड्यावर उभं राहून लाटा बघाव्यात, पाण्यात मात्र उतरू नये.

दुसरी गोष्ट, वारा. हे बेट विषुववृत्ताच्या खाली आहे, त्यामुळे आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून जोराचा वारा वाहतो. त्या दिवसांत पूर्व किनाऱ्यावर बसवत नाही, पश्चिम आणि उत्तर बाजू बरी. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे महिने, तेव्हा हवामानाची सूचना पाहूनच बाहेर पडावं.

उत्तरेला 'मों श्वाझी' घ्या. लांबच लांब अर्धगोल वाळू, मागे सुरूचं बन आणि मोठं गवताळ मैदान. या मैदानाला इतिहास आहे. सप्टेंबर १९३३ मध्ये शेजारच्या रियुनियन बेटावरून निघालेलं विमान इथे उतरलं. मॉरिशसच्या जमिनीवर टेकलेलं ते पहिलं विमान. शतकानुशतकं या बेटावर माणूस फक्त जहाजाने येत होता, बहुतेक वेळा मर्जीविरुद्ध किंवा फसवून आणलेला. जवळच 'पेरेबेर' आहे. छोटा बीच, पण पाणी शांत आणि नितळ. पोहायला नवखे असाल तर तिथे जा.

पूर्वेला 'बेल मार'. सूर्योदय पाहायचा असेल तर पहाटे इथे पोहोचावं. फक्त वाऱ्याचे महिने टाळा.

पश्चिमेला 'फ्लिक-आं-फ्लाक'. सूर्यास्तासाठी लोक इथे गर्दी करतात. पण आपल्यासाठी आणखी एक कारण आहे. इथून थोडं आत 'कास्काव्हेल' नावाचं गाव आहे, तिथे मराठी माणसांचं जुनं मंदिर आहे. या भागातल्या मराठी कुटुंबांनी 'झाकरी' नावाचा गाण्या-नाचाचा प्रकार जपलाय. तो शब्द ऐकला की कोकणातली जाखडी आठवल्याशिवाय राहत नाही. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते. भाषा दोन-तीन पिढ्यांत घरातून निसटत गेली, बोलणं क्रिओलमध्ये होऊ लागलं, पण ठेका राहिला.

नैर्ऋत्य टोकाला 'ल मॉर्न'. समुद्रात घुसलेल्या जिभेसारख्या जमिनीवर ५५६ मीटर उंचीचा एकटा कडा. मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगराच्या कपारीत लपून राहत. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की गुलामगिरी संपल्याची बातमी सांगायला शिपाई वर चढले, तेव्हा ते आपल्याला पकडायला आले असं वाटून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. स्वातंत्र्य दाराशी आलं आणि ते ओळखता आलं नाही. २००८ मध्ये युनेस्कोने हा डोंगर जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. दर १ फेब्रुवारीला लोक इथे जमतात. कड्याखालची बरीच वाळू हॉटेलांसमोर आहे, पण दक्षिण अंगाला पब्लिक बीच आहे. तिथे बसून एकदा वर बघा.

आग्नेयेला 'ब्लू बे'. विमानतळापासून जवळ. इथे समुद्राखालचं प्रवाळ राखीव आहे, काचेच्या तळाच्या होडीतून ते बघता येतं. प्रवाळावर पाय देऊ नका, आणि दोरी बांधून आखलेल्या जागेतच पोहा, बाहेर प्रवाह ओढतो. याच किनाऱ्याजवळ, 'प्वांत देस्नी' इथे, २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' हे जहाज प्रवाळावर अडकलं. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. तेव्हा हजारो लोक आपणहून किनाऱ्यावर धावले. उसाचं पाचट कापडात भरून, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधून त्यांनी तेल अडवणारे लांब पट्टे तयार केले. ज्या उसासाठी त्यांचे पूर्वज आणले गेले, त्याच उसाच्या पाचटाने त्यांनी आपला समुद्र वाचवायची धडपड केली.

इथे एक कडवट गोष्ट सांगितली पाहिजे. सरकार पब्लिक बीच जसा जाहीर करू शकतं, तसा तो यादीतून काढूही शकतं. ८१ मीटरची पट्टी विकता येत नाही, पण दीर्घ मुदतीच्या भाड्याने देता येते. आधी त्यावर श्रीमंतांचे बंगले आले, मग हॉटेलं. २००२ मध्ये पब्लिक बीचची देखभाल करायला वेगळं प्राधिकरण नेमलं, तरी ओढाताण थांबली नाही. दक्षिणेतल्या 'पोम्पोनेत' किनाऱ्याचा भाग २०१६ मध्ये यादीतून काढून हॉटेलसाठी देण्यात आला. जागेला पत्रे ठोकले गेले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं क्रिओल नाव होतं 'आरेत कोकें नू लाप्लाज', म्हणजे 'आमचा किनारा चोरणं थांबवा'. त्यांचं म्हणणं साधं होतं: पर्यटक येऊ देत, हॉटेलंही चालू देत, पण रविवारी आमच्या मुलांनी जायचं कुठे?

म्हणून त्या पोराला मी शेवटी असं लिहिलं:

"बेटा, रविवारी फ्लिक-आं-फ्लाक किंवा मों श्वाझीला जा. त्या दिवशी गर्दी असेल, आणि म्हणूनच जा. रिकामा बीच फोटोत छान दिसतो, पण भरलेला बीच बघितलास तर देश कळेल. गाडीवरची धोल पुरी खा, ती आपलीच डाळपुरी आहे. तिखट-मीठ लावलेला अननस खा. कचरा परत आण. एक सकाळ ल मॉर्नला दे.

आणि समुद्रावर जाण्याआधी पोर्ट लुईमधला 'आप्रवासी घाट' बघ. बोटीतून उतरलेले मजूर ज्या दगडी पायऱ्या चढून आत आले, त्या १६ पायऱ्या तिथे अजून आहेत. २००६ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा मानलं. त्यांनाही 'बस' म्हणणारं कुणी नव्हतं. पायऱ्या चढून ते पुढे मळ्यावर गेले. त्यांची पोरंबाळं आता वाळूत बसतात. त्यांच्या शेजारी जागा असेल तर सलाम करून बस. कुणी उठवणार नाही."

त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: "सर, परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकललंय."