पाचवा पर्याय

परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षकाने हसू नये, असा नियम लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. पण तो मोडल्यास काय होते, हे मुलांनाही ठाऊक असते. भिंगारच्या एका शाळेत काही वर्षांपूर्वी आम्ही सातवीच्या चाचणीवर उभे होतो. प्रश्न होता : औरंगजेबाचा मृत्यू कोठे झाला? खाली चार गावे. मागच्या बाकावरून हात वर आला.

"सर, ह्यात भिंगार नाहीच."

"दिलेल्यातलंच निवड," आम्ही म्हणालो.

"पण आलमगीर तर इथंच आहे. मी रोज सायकलीवर जातो की तिकडून."

वर्ग फिसकन हसला. आम्ही घड्याळाकडे पाहिले.

औरंगजेब वारला तो 3 मार्च 1707 रोजी, अहमदनगरनजीकच्या छावणीत, भिंगारलगत. पुढे त्याचे शव खुलताबादेस नेले गेले. छापील उत्तर 'अहमदनगर' होते आणि ते चूक नव्हे. पोराचे उत्तर मात्र अधिक नेमके होते. आम्ही फिरत त्याच्या बाकाशी गेलो, तेव्हा त्याने पेन्सिलीने पाचवी ओळ आखून तीत 'भिंगार' लिहिले होते.

हा प्रश्न दिपोटीने विचारला असता तर? 'डेप्युटी इन्स्पेक्टर' या पदाचा मराठी तोंडाने केलेला हा संक्षेप. 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उभे राहिले आणि गावोगावच्या शाळा तपासणीखाली आल्या. अनुदान निकालावर मोजण्याची रीतही विलायतेतून आली. तेथे रॉबर्ट लो यांनी 1862 च्या सुधारित संहितेत ती बसवली होती. साहजिकच पोराच्या जिभेवर मास्तरांची भाकरी अवलंबून राहू लागली. मराठी विनोदाने पुढे दिपोटीवर यथेच्छ हात धुऊन घेतले. त्या विनोदातली मास्तरांची धडधड मात्र आपण फारशी ऐकत नाही.

जोतीराव फुले यांनी ही व्यवस्था आतून पाहिली होती. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटले, की दिपोटीच्या वर्षातून एका भेटीने फारसे काही साधत नाही. तपासणी निदान तिमाही व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ सूचना न देताही व्हावी. सूचना मिळाली की शाळा कशी नटते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच ही शेवटची अट सुचते.

जुन्या तोंडी परीक्षेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. साहेब हसला की सारी शाळा हसे, आणि ते हसणे चुकलेल्या पोरावर असे. पण साहेबाला निदान "का रे, भिंगार का?" असे विचारता येई. छापील प्रश्नपत्रिका सर्वांना सारखीच वागवते, हा तिचा मोठा गुण. आणि ती कोणाचेच ऐकून घेत नाही. तिच्या आणि पोराच्या मध्ये जो उभा असतो, त्याला ऐकू येते, पण बोलता येत नाही. पर्यवेक्षकाचे हसू बहुधा ह्या अडचणीतूनच येते. निदान आमचे त्या दिवशी तसे आले.

गुण अर्थातच मिळाला नाही. 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तेव्हा आता छापील उत्तरही बदलावे लागेल. तो प्रश्न पुन्हा निघाला, तर चार पर्यायांत कोणते नाव असेल याची आम्हांला उत्सुकता आहे. पेन्सिलीने आखलेली ती ओळ आम्ही पुसली नाही. तशीच उत्तरपत्रिका गठ्ठ्यात बांधून दिली.