वेसाव्याच्या किनाऱ्यावरील बोलणे

सरकारदप्तरी वर्सोवा म्हणून नोंदलेल्या आपल्या वेसाव्यात संभाषणाची कला कोणी निराळी शिकविली नाही. ती कामाबरोबर येई. सुती जाळी कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवावी लागत, फाटली की विणावी लागत. हात गुंतलेले, जिभा मोकळ्या! होड्यांची वाट पाहणाऱ्या बायकांचेही तेच. वाऱ्यापाण्याचे ज्ञान, कुळांच्या हकीकती आणि आपली बोली त्या बैठकीतच पुढील पिढीस मिळे.

स्वातंत्र्यानंतर नायलॉनचे जाळे आले. ते कुजत नाही. काढा गेला व त्यासवे एकत्र बसण्याचे एक निमित्तही गेले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि संध्याकाळ घरात शिरली. मोबाईल मुंबईत १९९५ साली आला. तेव्हा सारा दोष त्याच्याच माथी मारणे न्याय्य नव्हे.

त्याचे उपकारही आहेत. केरळात १९९७ नंतर मच्छिमार समुद्रातूनच बंदरोबंदरीचा भाव विचारू लागले आणि मासळी फुकट जाणे जवळजवळ थांबले, असे रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली दाखविले. होडी किनाऱ्यालगत असेतोवर धन्याचा आवाज घरी ऐकू येतो, यास तर मोलच नाही. परंतु भाव, वेळ, ठिकाण विचारले की हे बोलणे आटोपते. वाऱ्याचे नाव, ओहोटीची खूण, जुन्या सोयरिकीची हकीकत कोणी फोन लावून विचारीत नाही.

ज्ञातिबांधवांनी आपल्या वृद्धांचे बोलणे त्याच मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे. प्रश्न मात्र घरच्या पोरांनी, आपल्याच बोलीत विचारावेत.