स्नायूंचा थकवा आणि सशांची साक्ष

इ. स. १६७२ मध्यें टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें एका स्त्रीची हकीकत लिहून ठेविली. ती एरव्हीं मोकळेपणानें बोले. पण बराच वेळ बोलल्यावर तिची वाचाच बंद पडे आणि तासा-दोन तासांनीं पुन्हां सुरू होई. ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ या विरळा विकाराचा हा पहिला दाखला मानतात. हा विकार बहुधा प्रौढपणीं जडतो. पापण्या मिटूं लागतात, चावतां चावतां जबडा थकतो, आणि श्वासाचे स्नायू दमले म्हणजे प्राणांवर बेततें. विश्रांतीनें शक्ति परत येते, तेव्हां कित्येकांवर ढोंगाचा आळ आला असल्यास नवल नाहीं.

१९३४ मध्यें लंडनमधील ग्रीनिच येथें डॉ. मेरी वॉकर यांनीं, हा विकार कुरारे विषाच्या बाधेसारखा दिसतो हें हेरून, त्या विषावरील उतारा टोचून पाहिला. मिटलेली पापणी वर आली! पण गुण कांहीं तासांचाच. उपाय सांपडला, कारण मात्र सांपडलें नाहीं.

रोगजंतूंशीं लढण्यासाठीं शरीर जीं प्रतिद्रव्यें निर्माण करतें, तींच येथें स्वतःच्या स्नायूंवर उलटत असावींत, असा तर्क १९६० मध्यें ग्लासगोच्या जॉन सिम्पसन यांनीं मांडला. पुरावा मिळाला तो सशांकडून, आणि तोहि ध्यानींमनीं नसतां. मज्जातंतूचा निरोप स्नायूंत ज्या प्रथिनावर स्वीकारला जातो, तें ग्राहक-प्रथिन कॅलिफोर्नियांतील साल्क संस्थेंत जिम पॅट्रिक व जॉन लिंडस्ट्रॉम यांनीं वीज सोडणाऱ्या ईल माशापासून वेगळें काढिलें होतें. त्याविरुद्ध प्रतिद्रव्यें मिळावींत, एवढ्याच हेतूनें त्यांनीं तें सशांस टोचलें. प्रतिद्रव्यें मिळालीं, पण ससे लुळे पडले, त्यांचा श्वास कोंडूं लागला. वॉकरबाईंच्या औषधाच्या जातीचें औषध देतांच ते कांहीं वेळ सावरले. दुसऱ्या कोणीं प्रयोग फसला म्हणून ते ससे टाकून दिले असते. या दोघांनीं १९७३ मध्यें तीच हकीकत प्रसिद्ध केली.

पुढें कामास वेग आला. १९७५ मध्यें रुग्णांचीं प्रतिद्रव्यें टोचलेले उंदीर अशक्त झाले. १९७६ मध्यें ७१ रुग्णांपैकीं शेंकडा ८७ जणांच्या रक्तांत तीं आढळलीं. त्याच वर्षीं लंडनमध्यें कांहीं रुग्णांचा रक्तरस काढून बदलण्यांत आला, आणि तासांचा गुण आठवड्यांवर गेला. परंतु शरीर नवीं प्रतिद्रव्यें घडवीतच राहतें. म्हणून प्रतिकारशक्तीस आवर घालणारीं औषधेंहि द्यावीं लागतात. २०२१ मध्यें अमेरिकेंत मान्यता पावलेलें ‘एफगार्टिजिमोड’ निराळी वाट धरतें. प्रतिद्रव्यांस रक्तांत टिकवून धरणाऱ्या प्रथिनालाच तें अडवितें, आणि तीं लवकर नाश पावतात. त्यांबरोबर उपकारक प्रतिद्रव्येंहि घटतात. यास्तव असें औषध घेणाऱ्यास साधा ताप आला तरी वैद्यांस कळवावें लागतें.